चमच्याच्या दांडीवरची अक्षरे

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया, तह, सनदा आणि राजेरजवाडे उभे राहतात. माझा शाळेतला इतिहास सातवीपर्यंतच झाला. त्यात बायका भेटल्या त्या एक तर घोड्यावर बसलेल्या, नाही तर सती गेलेल्या. चूल सांभाळणारी, मुलांना भरविणारी, पैपाहुण्यांचे करणारी बाई इतिहासात कोठे असते, हा प्रश्न त्या वयात मला सुचला नाही. संसार करता करता तो सुचला, आणि त्याचे एक उत्तर अगदी दूरच्या देशात, अगदी लहानशा वस्तूत सापडले. तो देश अमेरिका, आणि ती वस्तू म्हणजे चांदीचा चमचा.

माझी धाकटी बहीण बोस्टन शहराजवळ राहते. तिच्या बाळंतपणासाठी मी चार महिने तिकडे होते. दुपारी बाळ-बाळंतीण झोपली की शेजारच्या आजींकडे मी बसावयास जाई. त्यांना जुने चमचे जमविण्याचा छंद होता. त्यांच्या चमच्यांवरून मला या विषयाची गोडी लागली. पुढे बोस्टनचे ललितकला संग्रहालय पाहिले. ग्रंथालयातून बहिणीने पुस्तके आणली, ती वाचून अर्थ सांगत गेली आणि मी वहीत टिपून घेत गेले. त्या वहीच्या आधाराने हा लेख लिहीत आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, तीनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत चांदीचा चमचा ही निव्वळ चैनीची वस्तू नव्हती. इंग्लंडहून जाऊन वसाहत केलेल्या लोकांना पैसा ठेवावा कोठे, ही मोठी पंचाईत होती. तिकडची पहिली बँक फिलाडेल्फिया शहरात १७८२ साली उघडली; त्यापूर्वीची दीडशे वर्षे लोकांनी बँकेवाचून काढली. हाती येणारे नाणे तरी एक जातीचे कोठे होते? मेक्सिको आणि पेरू येथील खाणींतल्या चांदीचे स्पॅनिश डॉलर, इंग्लंड-हॉलंडची नाणी, काही कडा कातरलेली, काही हिणकस. शिवाय नाणी चोरीस गेली तर ओळख पटवावी कशी? सारी नाणी सारखीच.

म्हणून मग लोक आपल्याकडे करतात तेच करीत. चार नाणी साठली की ती सोनाराकडे नेऊन वितळवीत आणि त्यांची भांडी, नाही तर चमचे घडवून घेत. मोठा चमचा साधारण पाच तोळ्यांचा असे, म्हणजे सव्वादोन डॉलर नाण्यांची चांदी त्यात जाई. चहाचा चमचा तोळा-सव्वा तोळ्याचा. अडीअडचण आली तर चमचा पुन्हा चांदीच होती, आणि तोवर घरात वापरास होता. शिवाय त्यावर घराची अक्षरे कोरलेली असत. चोरी झाली तर वर्तमानपत्रात जाहिरात देत की, अमुक अक्षरांचे, अमुक कारागिराच्या छापाचे चमचे गेले आहेत, कोणी विकावयास आणल्यास सोनारांनी अडवून ठेवावे. आपण भांड्यांवर नाव घालतो, त्यामागे तरी दुसरे काय असते?

या सोनारांपैकी पहिल्यांत जॉन हल आणि रॉबर्ट सँडरसन ही जोडी येते. सँडरसन लंडनला काम शिकून आलेला. मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६५२ साली आपली टांकसाळ काढली ती या दोघांच्या हाती दिली. त्यांनी पाडलेल्या पाइन झाडाच्या शिलिंगाला आजही संग्राहक जपतात. या हलच्या मुलीविषयी एक कथा सांगतात. तिच्या लग्नात बापाने तराजू मागविला, एका पारड्यात मुलीला बसविले, दुसऱ्यात शिलिंगे ओतली आणि तेवढी चांदी हुंडा म्हणून दिली. हॉथॉर्न या प्रसिद्ध लेखकाने ही कथा मुलांसाठी लिहिली, त्यामुळे ती घरोघर गेली. कथा ती कथाच. परंतु आपल्याकडील तुलादानाची आठवण करून देणारी म्हणून मला ती गमतीची वाटली. हलच्या हाताखाली जेरेमाया डमर हा मुलगा १६५९ पासून उमेदवारी करीत होता. अमेरिकेतच जन्मून चांदीच्या कामात नाव मिळविलेला तो पहिला कारागीर मानतात.

चमचा घडविण्याची रीत आपल्या सोनाराच्या रीतीपेक्षा फार वेगळी नव्हती. मुशीत चांदी वितळवून तिची कांब पाडावयाची. ती ऐरणीवर हातोड्याने ठोकून एका टोकाला पसरट करावयाची. ठोकून ठोकून चांदी कडक होते, म्हणून मध्ये मध्ये तापवून मऊ करावी लागते, नाही तर तडकते. मग पसरट टोक शिशाच्या ठोकळ्यावर ठेवून गोल तोंडाच्या पोलादी ठशाने खोलगट करावयाचे, दांडी बाकवावयाची, कानस मारावयाची, घासून झिलई द्यावयाची. शेवटी मागच्या बाजूस कारागिराने आपल्या नावाचा छाप मारावयाचा. सारा चमचा एकाच कांबीतून निघे. हातात धरला म्हणजे मधला भाग कणखर आणि कडा निमुळत्या लागतात. यंत्राने कापलेल्या पत्र्याच्या चमच्याला ते वजन येत नाही.

ज्याप्रमाणे आपल्याकडे नथीच्या किंवा तोड्याच्या घडणीवरून ते कोणत्या काळचे हे जुन्या बायका सांगतात, त्याप्रमाणे तिकडचे संग्राहक दांडीच्या टोकावरून चमच्याचा काळ सांगतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस टोकाला दोन खाचा पाडून तीन पाकळ्या केलेल्या असत, आणि वाटीच्या पाठीवर उंदराच्या शेपटीसारखी लांब उभार रेघ असे. तिला नावही उंदराची शेपटी असेच आहे. ती शोभेची दिसली तरी दांडी आणि वाटी यांच्या सांध्याला बळकटी देण्यासाठी होती. अठराव्या शतकात टोक गोल झाले व वर वळू लागले. उंदराच्या शेपटीच्या जागी लहानसा थेंब, नाही तर शिंपला आला. त्या वेळी जेवणाच्या मेजावर चमचा पालथा ठेवीत, म्हणून अक्षरेही दांडीच्या पाठीवर कोरीत. १७६० नंतर हळूहळू टोक खाली वळले, चमचा उताणा ठेवू लागले आणि अक्षरे पुढच्या बाजूला आली. १७८५ ते १८०० च्या सुमारास चकाकणाऱ्या बारीक खाचांची नक्षी आली. १८०० नंतर काही वर्षे टोक शवपेटीच्या आकाराचे होते. त्यानंतर सारंगीसारखे पसरट खांदे असलेली दांडी आली, आणि १८२०-३० च्या दशकांत तिच्यावर फुलांची परडी किंवा गव्हाची पेंढी उठविण्याची टूम निघाली.

एवढे झाले कारागिरांचे. आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते, आणि तो त्या अक्षरांचा आहे.

अठराव्या शतकातील पुष्कळशा चमच्यांवर तीन अक्षरे त्रिकोणात असतात. वरचे अक्षर आडनावाचे, खालचे डावीकडचे नवऱ्याच्या नावाचे आणि उजवीकडचे बायकोच्या नावाचे. समजा, वर 'पी' आहे आणि खाली 'आय' व 'एम'. त्या काळी 'जे' हे अक्षर 'आय' सारखेच कोरीत. म्हणजे हा चमचा जॉन आणि मेरी अशा एखाद्या जोडप्याचा असावयाचा. ज्या घराचा एकही कागद राहिलेला नाही, ज्या बाईचे थडगेही सापडत नाही, तिचे एक अक्षर नवऱ्याच्या अक्षराच्या शेजारी, तेवढ्याच उंचीचे, चांदीत बसलेले आहे. हे मला शेजारच्या आजींनी समजावून सांगितले, तेव्हा मी तो चमचा पुन्हा हातात घेतला.

दुसऱ्या प्रकारचे चमचे याहून मोलाचे. लग्न ठरलेल्या मुलीसाठी घडविलेले चमचे तिच्या माहेरच्या नावाच्या अक्षरांनी अंकित करीत. सासरी जाताना ते तिच्याबरोबर जात. तिकडे सामान्यतः जमीन मुलांकडे जाई आणि मुलींच्या वाट्याला अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी, चांदी असा उचलून नेण्याजोगा माल येई. म्हणून आईचे चमचे मुलीकडे, मुलीचे नातीकडे असा त्यांचा प्रवास झाला. दर पिढीला आडनाव बदलत गेले, परंतु अक्षरे तीच राहिली. पाच-पाच पिढ्यांचे बायकांचे नाते एखाद्या कपाटातल्या सहा चमच्यांवरून लागते, आणि ते वंशावळीत शोधू गेल्यास सापडत नाही. कारण वंशावळ पुरुषांच्या आडनावांनी चालते.

आपल्याला वाटेल की हे तर स्त्रीधनच झाले. मलाही तसेच वाटले होते. पण कायदा तसा नव्हता. इंग्लंडचा जो कायदा वसाहतींत चालत असे त्याप्रमाणे लग्न होताच बाईची वेगळी कायदेशीर ओळख उरत नसे. तिने आणलेला हलविता येण्याजोगा माल, पैसा, भांडी, चमचे, सारे नवऱ्याचे होई. तो ते विकू शके, आणि त्याच्या कर्जापायी सावकार ते उचलून नेऊ शके. आपल्या जुन्या धर्मशास्त्राने निदान स्त्रीधन हा शब्द तरी मानला होता. तिकडे मिसिसिपी राज्यात १८३९ साली आणि न्यूयॉर्कमध्ये १८४८ साली विवाहित स्त्रीच्या मालमत्तेचे कायदे झाले, आणि मग हळूहळू इतर राज्यांत. म्हणजे ज्या काळात या मुलींची अक्षरे चमच्यांवर कोरली जात होती, त्या काळात तो चमचा कायद्याने त्यांचा नव्हता. कायदा एक सांगत होता आणि चमचा दुसरे सांगत होता. आईबापांनी मुलीचे अक्षर कोरविताना हे त्यांना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. ठाऊक असूनही त्यांनी कोरविले.

चहाचा चमचा तर आणखी एका गोष्टीचा साक्षी आहे. अठराव्या शतकात चहा तिकडे घरोघर शिरला. तो महाग होता, म्हणून सुरुवातीचे पेलेही लहान व चमचेही लहान. चहा ओतणे हा घरच्या बाईचा मान. पुढे इंग्लंडच्या पार्लमेंटने चहावर कर बसविला आणि तंटा पेटला. १६ डिसेंबर १७७३ रोजी बोस्टनच्या बंदरात चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात फेकल्या, हे आपण शाळेत वाचलेले असते. परंतु पुढल्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १७७४ रोजी, नॉर्थ कॅरोलिनातील ईडंटन या गावी ५१ स्त्रियांनी एका जाहीर पत्रकावर सह्या करून विलायती मालावरील बहिष्काराला पाठिंबा दिला, हे मला कोणी सांगितले नव्हते. पेट्या फेकणाऱ्या पुरुषांनी वेषांतर केले होते. या बायकांनी आपापली नावे लिहिली. लंडनमध्ये त्यांची टवाळी करणारे व्यंगचित्र १७७५ साली छापले गेले. परदेशी मालाच्या होळ्या पाहिलेल्या आपल्या आज्या-पणज्यांना या बायका परक्या वाटल्या नसत्या.

त्या धामधुमीतला सर्वांत नामांकित सोनार पॉल रिव्हिअर. त्याचे वडील अपोलोस रिव्हॉयर हे फ्रान्समधून आलेले प्रॉटेस्टंट निर्वासित. जॉन कोनी या बोस्टनच्या कारागिराकडे ते लहानपणी उमेदवारीला राहिले आणि पुढे लोकांना उच्चारावयास सोपे जावे म्हणून नाव बदलून रिव्हिअर झाले. मुलगा पॉल १८ एप्रिल १७७५ च्या रात्री घोड्यावरून इंग्रज फौज निघाल्याची खबर देत गेला, म्हणून तिकडच्या पोरासोरांना तो माहीत आहे. १७६८ साली त्याने घडविलेले स्वातंत्र्याचे पात्र आणि त्याच वर्षी कॉप्ली या चित्रकाराने काढलेले त्याचे चित्र, दोन्ही बोस्टनच्या संग्रहालयात आहेत. चित्रात तो बाह्या सैल सोडून, हातात चहाची किटली घेऊन बसला आहे. त्याच्या हिशेबाच्या वह्या शिल्लक आहेत. मोठमोठी पात्रे त्याने केली खरी, परंतु त्या वह्यांत चमच्यांच्या नोंदी पुष्कळ आहेत. दुकान चालते ते नेहमीच्या गिऱ्हाइकावर, हे कोणत्याही गावच्या सोनाराला विचारावे.

आणखी एक गोष्ट. छाप ज्याचा, घडविणारा तोच असे मात्र नेहमी समजू नये. दक्षिणेकडील चार्ल्सटन शहरात सोनारांच्या दुकानांत गुलाम कारागीर हातोडा चालवीत. अलेक्झांडर पेट्री या सोनाराच्या मागे त्याची मालमत्ता १७६८ साली विकली गेली, तीत अब्राहम नावाचा चांदीकाम जाणणारा गुलामही होता. छाप पेट्रीचा, हात किती ठिकाणी अब्राहमचा, कोण सांगणार? पुढे आफ्रिकी वंशाच्या पीटर बेंटझन याने फिलाडेल्फियात १७९९ पासून काम शिकून तेथे आणि वेस्ट इंडीजमधील सेंट क्रॉई बेटावर दुकान थाटले, आणि स्वतःच्या नावाचा छाप मारला. त्या छापाचे मोल चांदीच्या भावाने करता येत नाही.

हे छाप हीच संग्राहकाची मुख्य खूण असते. इंग्लंडमध्ये चांदीचा कस सरकारमान्य कचेरीत तपासून सिंह, वर्षाचे अक्षर इत्यादी ठसे मारण्याची शेकडो वर्षांची पद्धत. अमेरिकेत तशी कचेरी नव्हती. बाल्टिमोर शहरात तेवढी १८१४ पासून १८३० पर्यंत सक्तीने तपासणी होती. बाकी सर्वत्र कारागिराचे नाव हीच हमी. एकोणिसाव्या शतकात काहींनी गिऱ्हाइकाला विलायती मालाचा भास व्हावा म्हणून गरुड, तारा, मुखवटा असे ठसे मारावयास सुरुवात केली. ते ठसे पाहून फसू नये. पुष्कळ चमच्यांवर 'कॉइन' असा शब्द दिसतो. त्याचा अर्थ नाण्याच्या चांदीचा. १८३७ पासून तिकडच्या नाण्यात हजार भागांत ९०० भाग शुद्ध चांदी असे. 'स्टर्लिंग' म्हणजे ९२५ भाग. तो कस तिकडे १८५० नंतर रूढ होत गेला आणि १९०६ साली त्याचा कायदा झाला.

हाताच्या चमच्याचा काळ यंत्राने संपविला. जेबेझ गोरहॅम याने १८३१ मध्ये प्रॉव्हिडन्स गावी चमचे करण्याचा लहानसा धंदा काढला. मुलाच्या कारकिर्दीत वाफेची यंत्रे आली आणि त्या दुकानाचा मोठा कारखाना झाला. विजेने मुलामा देण्याची युक्ती इंग्लंडात १८४० साली निघाली आणि १८४७ पासून हार्टफर्डच्या रॉजर्स बंधूंनी मुलाम्याचे चमचे बाजारात आणले. गरिबाघरीही चकचकीत चमचा आला, हे चांगलेच झाले. पण गावचा सोनार मात्र घड्याळे दुरुस्त करू लागला आणि कारखान्याचा माल विकू लागला.

जुन्या चमच्यांकडे लोकांचे लक्ष वळले ते पुढे पन्नासएक वर्षांनी. १९०६ साली बोस्टनच्या संग्रहालयाने जुन्या अमेरिकन चांदीचे पहिले मोठे प्रदर्शन भरविले. १९२७ साली स्टीफन एन्स्को यांचे कारागिरांच्या छापांचे पुस्तक निघाले. १९३० साली फ्रान्सिस गार्व्हन या गृहस्थांनी आपल्या लग्नाच्या विसाव्या वाढदिवसानिमित्त आपला अवाढव्य संग्रह येल विद्यापीठाला दिला आणि त्याला पत्नी मेबल ब्रेडी गार्व्हन हिचे नाव दिले. तिचे माहेरचे नाव मध्ये ठेवले, हे मला आवडले. न्यायमूर्ती क्लिअरवॉटर यांचा संग्रह १९३३ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात आला. आणि बोस्टनच्या संग्रहालयातील चांदीची मोठी द्विखंडी यादी १९७२ साली ज्यांच्या नावे प्रसिद्ध झाली त्या कॅथरिन ब्यूलर ही एक स्त्री होती. भांड्यांवरचे डोळे बाईचेच जास्त चौकस असावयाचे!

जग, कटोरे श्रीमंतांनी घ्यावेत. चमचा हा साध्या माणसाचा छंद आहे. नामांकित कारागिरांचे सोडल्यास, एकोणिसाव्या शतकातले गावोगावचे चमचे आजही जुन्या बाजारात मिळतात. घेताना काय पाहावे ते शेजारच्या आजींनी मला सांगितले, ते असे. दांडीचा आकार आणि छापातील कारागिराचा काळ जुळला पाहिजे. रिव्हिअरचा छाप दिसला की आधी संशय घ्यावा, कारण त्याच्या नावाचे खोटे ठसे पुष्कळ मारले गेले आहेत. वाटीचे टोक एका अंगाने झिजलेले असेल तर चांगली खूण. उजव्या हाताने वर्षानुवर्षे ढवळल्यावर तसेच झिजते. दांडीवर एखादी जागा पातळ आणि खोलगट लागली तर तेथली अक्षरे घासून काढलेली आहेत असे समजावे. अंड्याने चांदी काळी पडते, मिठाने खड्डे पडतात, रबराच्या पट्टीने डाग उठतो. म्हणून चमचे मऊ कापडात ठेवावे आणि सारखे घासू नयेत, कारण दर घासण्याला थोडी चांदी जाते.

ही अक्षरे घासण्याची गोष्ट ऐकून मला वाईट वाटले. परक्या घराची अक्षरे आपल्या मेजावर नकोत म्हणून विकत घेणारे ती काढवून टाकीत. त्याने चांदी पातळ होई ती होईच, पण कोणा एकीची जगातली एकुलती एक खूणही जाई. जाणते संग्राहक तसे करीत नाहीत. त्यांना अक्षरांसकट चमचा हवा असतो.

आणि याहून मोठे संकट भट्टीचे. १९७९ च्या आरंभी चांदीचा भाव औंसाला सहा डॉलरच्या आसपास होता, तो जानेवारी १९८० मध्ये जवळजवळ पन्नास डॉलरवर गेला. लोकांनी घरातली जुनी चांदी पोत्यांनी आणून वितळविणाऱ्यांच्या हवाली केली. शेजारच्या आजींचे त्या वेळी नुकते लग्न झाले होते. त्यांच्या घरची चांदी तागडीत घालावयाचे ठरले. त्यांच्या आईकडून आलेले परडीच्या नक्षीचे सहा चमचे होते. आईच्या पणजीच्या आईच्या माहेरची अक्षरे त्यांच्यावर. घरात पैशाची निकड खरी होती, नवऱ्याचा आग्रहही वाईट बुद्धीचा नव्हता. आजींनी सारी चांदी काढून दिली आणि हे सहा चमचे तेवढे पिठाच्या डब्यात पुरून ठेवले. तागडीतले पैसे त्या वर्षीच संपले, असे त्या म्हणाल्या. चमच्यांनी मात्र मी त्यांच्याकडे रोज चहा ढवळीत होते. त्यांना मुलगी नाही. ते चमचे पुढे कोणाकडे जावयाचे, हे त्यांनी एका कागदावर लिहून डब्यात ठेवले आहे, आणि प्रत्येक अक्षराचे पूर्ण नावही.

पूर्ण नाव लिहून ठेवणे ही गोष्ट माझ्या मनात राहिली. आपल्याकडे मुलीचे आडनाव तर बदलतेच, पण जुन्या रिवाजाने लग्नात तिचे नावही बदलत. माझ्या आजीला आम्ही सारे तिच्या सासरच्या नावाने ओळखत होतो. तिचे माहेरचे नाव आमच्या घरात एकाच ठिकाणी होते: तिच्या वडिलांनी दिलेल्या चांदीच्या वाटीच्या बुडाखाली, ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले. ती वाटी पुढे मोडीत घालून नवे पेले केले. पेले छान आहेत. त्यांच्यावर माझ्या वडिलांचे नाव आहे. आजीचे माहेरचे नाव आज आमच्यापैकी कोणालाच आठवत नाही.

आपल्या देशात १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बाईच्या हाती आलेली मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची झाली आणि २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला. त्या अमेरिकन मुलींना जे कायद्याने नव्हते ते आपल्याला आहे. त्यांना जे चमच्यावर मिळाले, ते अक्षर मात्र आपण हौसेने मोडीत घालतो.

चांदी मोडू नये असे मी म्हणत नाही. मुलांच्या फिया भरावयाच्या असतात, दुखणीबाणी निघतात. अडीनडीला उपयोगी पडावी म्हणूनच बायकांनी ती साठविली. पण सोनाराकडे जाण्यापूर्वी प्रत्येक भांडे उलटे करून पाहावे. पळी, पंचपात्री, करंडा, अत्तरदाणी, वाटी, काहीही असो. बुडावर काय कोरले आहे, ते नाव कोणाचे, ती कोणाची लेक, कोणत्या गावची, हे घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारून वहीत लिहून घ्यावे. आपल्या मंडळाने अशी एक वही घालावी आणि दर हळदीकुंकवाला प्रत्येकीने तीत एक नाव आणून लिहावे, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. पहिले पान कोरे ठेवावे. आजीच्या माहेरच्या गावी तिच्या भावकीतल्या एक म्हाताऱ्या बाई आहेत असे कळले आहे. दिवाळीनंतर मी तिकडे जाऊन विचारून येणार आहे.